सेविका टिकवण्याची सरकारी युक्ती

अंगणवाडीला चांगल्या सेविका मिळाव्यात आणि टिकाव्यात म्हणून सरकारने 1975 पासून एक नामी युक्ती चालवली आहे: त्यांना कर्मचारी म्हणायचंच नाही. नोकरीच नाही, तर बाई सोडणार काय? पोरांची वजनं घ्या, गरोदर बायांच्या घरी जा, मग रेंज शोधत बांधावर उभं राहून ‘पोषण ट्रॅकर’ ॲप भरा. तेवढ्यात एखादं पोर चड्डी ओली करतं. त्याला त्यात रकाना नाही. या सेविकांनाही ग्रॅच्युइटी लागू आहे, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घ्यायची घाई झाली, तेव्हा मात्र याच बायका अगदी पक्क्या सरकारी ठरल्या. अर्जामागे 50 रुपये कबूल करून!