मोऱ्याचा रिमोट

कोळीवाड्यात माणसाचं खरं नाव आधार कार्डापुरतं असतं. उरणच्या मोऱ्यात या पोराबद्दल कुणालाही विचारा, सगळे ‘रिमोट’च म्हणतात. करोनात पुण्याच्या ऑफिसातून लॅपटॉप काखेत मारून घरी आला, तो परत गेलाच नाही. पोरगा करतो काय, असं शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा आईने ऐकलं होतं तेवढं सांगितलं, ‘रिमोटचं काम करतंय.’ दुसऱ्या दिवशी गल्लीतले एक आजोबा टीव्हीचा बंद पडलेला रिमोट घेऊन दारात हजर. रिमोट काही चालू झाला नाही, नाव मात्र पक्कं झालं.

हा एकटाच नाही. करंज्यात एक आहे, आणि पनवेलच्या टॉवरांत तर मजल्यागणिक सापडतील. नोकरी बेंगळुरूची, क्लायंट अमेरिकेचा, जेवण आईच्या हातचं, आणि जीव कायम तिसरीकडे. आमच्या रिमोटचा जीव स्पेनमध्ये होता. तोंडाने तो दीड वर्ष ‘चाललोय’ म्हणत होता. भेटेल तो ‘काय रं, गेला नाय का अजून?’ असं विचारायचा आणि हा शांतपणे ‘प्रोसेस चालू आहे’ म्हणायचा.

प्रोसेस खरोखरच चालू होती. डिसेंबर 2022 मध्ये स्पेनने कायदा केला, की बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्याने खुशाल इकडे येऊन राहावं. अटी तेवढ्या पाळायच्या. पगार तिथल्या किमान वेतनाच्या निदान दुप्पट हवा, आणि गुन्हेगार नसल्याचा दाखला हवा, तोही स्पॅनिशमध्ये उतरवलेला. ‘आमचं पोर चोर नाय हे स्पेनला सांगाला पैसे कशाला?’ हा आईचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

कागदांसाठी मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी आली, तरी गडी भाऊच्या धक्क्याच्या लाँचनेच जायचा. लाँचमध्ये इंजिनाच्या आवाजात स्पॅनिशचा सराव करता येतो. त्या भाषेत एक दुहेरी ‘र’ आहे. जीभ टाळूला लावून मशीनगनसारखा थरथरवायचा असतो, आणि तो लोकलमध्ये केला की माणसं शेजारची सीट सोडतात. उधाणाच्या ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच लागत नाही. पाणी चढेपर्यंत धक्क्यावर बसून राहावं लागतं. बाकीचे सरकारला शिव्या घालत, हा ‘र्र्र्र’ करत. जाळी विणणाऱ्या एका नाखव्याने शेवटी न राहवून सुंठ चघळायला दिली.

व्याकरणाने मात्र त्याला फारसं छळलं नाही. मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्याला दोन म्हणजे पगारवाढच. खरी अडचण बोलण्याची होती, आणि ती स्पॅनिशच्या कितीतरी आधीची होती. रिमोटला तीन भाषा येत होत्या आणि तिन्ही तो जपून बोलायचा. क्लायंटशी अमेरिकन वळणाचं इंग्रजी, मॅनेजरशी ‘न-ण’ तपासून मराठी, आणि घरची आगरी-कोळी बोली फक्त लॅपटॉप मिटल्यावर, तीही हळू. अंगणात आई बोंबील आणि जवला वाळत घालायची. मीटिंग लागली की हा खिडकी लावून घ्यायचा. ‘अरं, कॅमेऱ्यातून वास जातंय का?’ असं ती विचारायची. एकदा माइक चालू राहिला आणि दहा शहरांतल्या माणसांनी ऐकलं, ‘बाला, जवला केलाय, जेवाला ये!’ घरात टीव्हीवर मालिका चालू आहे, असं याने टीमला सांगितलं. आपल्या मराठी माणसाने नोकरी टिकवण्यासाठी काय काय नाकारलं याची यादी कुणी केली, तर त्यात जवला बराच वर असेल.

शेवटी व्हिसा आला आणि हा बलेन्सियाला पोहोचला. दुपारी झोपणाऱ्या देशात आयुष्य निवांत जाईल, अशी कल्पना होती. पण हिवाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. पुण्याची दहाची मीटिंग तिथे पहाटे साडेपाचला. त्याच्या आजोबांना भरतीने पहाटे उठवलं, त्यांच्या नातवाला त्याच वेळी मॅनेजरने. इतकी वर्षं शिकून खानदानात फरक काय पडला, तर आजोबा निदान बोटीवर होते. संध्याकाळी सात वाजता पुण्याचं ऑफिस सुटायचं तेव्हा तिथे दुपारचे अडीच. स्पॅनिश लोक तेव्हा जेवायला बसतात.

मग अख्खी दुपार रिकामी. सरकारी कचेरीत बोटांचे ठसे द्यायला आधी ऑनलाइन वेळ मिळवावी लागते, आणि ती वेळ मिळणं म्हणजे गणपतीत कोकणचं आरक्षण मिळणं. या भानगडीत त्याची स्पॅनिश जरा सुटली. खरी सुटली ती मासळीबाजारात.

बलेन्सियाचा मेर्कादो सेंत्राल हा 1928 साली सुरू झालेला बाजार. वर घुमट, रंगीत काचा, फरशा, आणि खाली मासे. गाळ्यापुढे रांग दिसत नाही. आल्यावर ‘शेवटचं कोण?’ असं मोठ्याने विचारायचं, कुणीतरी हात वर करतं, त्याच्यामागे आपला नंबर धरायचा. रिमोटच्या तोंडून आवाज फुटेना. तीन बाया पुढे निघून गेल्या. चौथ्या वेळी तो ओरडला, चुकीच्या व्याकरणात, पण बंदरावर ओरडतात तसा, पोटातून. कोळंबीवाली हसली, ‘ग्वापो’ म्हणाली, म्हणजे देखण्या, आणि मूठभर कोळंबी वर टाकली. त्या दिवसापासून तो रोज बाजारात. माशाचे गलफडे उघडून बघायचा, डोळा बघायचा, भाव पाडायला जायचा. तिथे भाव पडत नाही हे कळूनही जायचा. जे त्याची आई रोज करते आणि ज्यामुळे हा मान खाली घालायचा, ते तो परदेशात घरभाडं भरून शिकत होता. मला हे हास्यास्पद वाटतं आणि थोडं बरंही वाटतं.

तिथेच त्याला मोहामा भेटला. मीठ लावून वाळवलेला टूना. काळपट लाल, दगडासारखा कडक, वास असा की डोळे मिटून मोरा आठवावा. कागदासारख्या चकत्या कापतात, वर ऑलिव्हचं तेल, बाजूला बदाम. गाळेवाला पांढऱ्या एप्रनमध्ये. आणि हे सगळं माणसं बोटाच्या टोकांत धरून, वाइनचा घोट घेत खातात. रिमोटने घरी व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन जवळ धरून चकती पाहिली. ‘सुकटंच ना ही? कवरंची?’ भाव ऐकून तिने फोन शेजारणीला दिला, शेजारणीने तिच्या सुनेला, आणि कॉल कोळीवाडाभर फिरून आला.

वर्ष संपवून तो परतला. आता तो कॉलवर खिडकी उघडी ठेवतो, बोंबलांच्या माळा मागे दिसतील असा लॅपटॉप लावतो, आणि क्लायंटपुढे त्यांना ‘आर्टिसनल’ म्हणतो. दोन वाक्यांनंतर स्पेन येतंच. भाकरी खाताना स्पेन, वीज गेली की स्पेन, लाँच चुकली की तर हमखास. दुबईहून परतणारे निदान सोनं आणायचे. आई मात्र शहाणी. गेल्या रविवारी धक्क्यावर मुंबईची एक जोडी सुके बोंबील बघत होती. तिने पाटी पुढे सरकवली आणि नेहमीच्या दुप्पट भाव सांगितला. ‘एवढा?’ बाई म्हणाली.

‘स्पेनला याच्या चकत्या बदामासंगती खातात,’ आई म्हणाली. ‘माझं पोर बघून आयलंय.’

बाईने पाटीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. ‘मावशी, मग बदाम कुठे आहेत?’