व्हिसा

मराठवाड्यात अर्ज न करता, रांगेत उभं न राहता मिळणारी एकच वस्तू म्हणजे ऊन. म्हणून मी ठरवलं की प्रयोगशाळेच्या गच्चीवर सोलर पॅनेल मांडायचं आणि मीटरवरचं त्याचं व्होल्टेज परस्पर कॉम्प्युटरनंच टिपायचं. आजवर हे काम आमचे लॅबमधले मामा वही-पेनानं करत. त्यांना म्हटलं, "मामा, आता तुम्ही नुसतं बसा."

मामा तीन दिवस बसले.

मीटर आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला 'व्हिसा' म्हणतात, हे घरी सांगायचं राहून गेलं. "व्हिसा अडकलाय, उद्या बघतो," हे फोनवर ऐकून बायकोनं सिडकोतल्या नणंदेला कळवलं आणि संध्याकाळी शेजारच्या काकू पेढे मागून गेल्या. इकडे प्रोग्राम 64 बिटचा तर ड्रायव्हर 32 बिटचा. ते जुळवावं तर यूएसबी कन्व्हर्टर कॉम-7 या पोर्टवर जाऊन बसलेला आणि मी आपला कॉम-1 चं दार ठोठावतोय. दार सापडलं तर मीटरचा वेग 9600, माझा 19200. तोही जुळवला, तीनदा रीस्टार्ट केलं, एकदा उदबत्तीसुद्धा लावली. मीटर गप्प.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं नहर बांधून, पंपाशिवाय आमच्या शहरात पाणी खेळवलं. मला दीड मीटर वायरीतून एक आकडा आणता येईना.

दोष केबलचा निघाला, म्हणजे ती आणणाऱ्याचा, म्हणजे माझा. मीटर ज्या पद्धतीनं बोलतो ते आरएस-232 हे 1960 सालचं मानक. त्यात एका पिनेनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं, त्यामुळे काही यंत्रांना या दोन तारा आत उलट केलेली केबल लागते. मी सरळ आणली होती. दोघंही एकाच तारेत बोलतायत आणि ऐकायला कुणी नाही. थेट आमची स्टाफरूम!

मामांनी काही न बोलता केबल कापली, दोन तारांची अदलाबदल केली, डाख दिला. रात्री साडेनऊला मी 'तू कोण?' अशी आज्ञा धाडली आणि मीटरनं मॉडेलपासून सिरियल नंबरापर्यंत सगळी ओळख सांगितली. माझा आनंद गगनात मावेना. दर सेकंदाला एक, रात्री दहा ते सकाळी सहा अशा नोंदी लावून मी घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी फाईलमध्ये बरोबर 28,800 नोंदी. सगळ्या शून्याला टेकलेल्या. मी पुन्हा ड्रायव्हर काढायला निघालो, तेवढ्यात मामा खाकरले.

"सर, रात्री ऊन नसतं."

फाईल जपून ठेवली आहे. कुणाला अंधाराचं व्होल्टेज लागलं तर कळवा, लगेच पाठवतो.