जे-झीची जाहीर माफी

अहो वहिनी, ऐकलंत का तो रॅपर जे-झीचा '४:४४' अल्बम? २०१७ चा असला म्हणून काय झालं, असले विषय थोडेच शिळे होतात!

मेहुणीने लिफ्टमध्ये त्याला बदडलं ना २०१४ मध्ये, तेव्हाच मला वास आला होता. बायको बियॉन्से आपली बाजूला गप्प उभी! मग तिघांनी मिळून पत्रक काढलं, की घरोघरी हे असंच असतं... हो, घरोघरी लिफ्टमध्ये कॅमेरा नसतो एवढंच! पुढे २०१६ मध्ये बियॉन्सेने 'लेमोनेड' अल्बममधून नवऱ्याचं बाहेरचं लफडं वेशीवर टांगलं. नाव न घेता हं. पण कळायचं त्यांना कळलंच.

तर काय सांगत होते... हां, त्याने बायकोची मागितलेली माफी. हा म्हणे पहाटे ४:४४ ला उठला आणि गाणं लिहायला बसला. वय सत्तेचाळीस, अल्बम तेरावा, घरात नुकती जन्मलेली जुळी! आधीच्या 'मॅग्ना कार्टा'ला नाकं मुरडणारे समीक्षकसुद्धा विरघळले. दहाच गाणी, सगळं संगीत निर्माता नो आयडी या एकट्याचं, मधूनच नीना सिमोनचा आवाज... बडेजाव कमी, कबुली जास्त.

मला विचाराल, तर खरी हिंमत त्याच्या आईची. 'स्माईल'मध्ये लेकाने सांगून टाकलं, की आईचं प्रेम बाईवर आहे. आणि शेवटी ग्लोरियाबाई स्वतः कविता म्हणतात! त्या वयात, अख्ख्या जगासमोर... आपल्याकडे तर अजून कुजबुजच चालते.

पण गडी हिशेबाला पक्का बरं का! अल्बम आधी फक्त टायडल या स्ट्रीमिंग सेवेवर, म्हणजे तेव्हाच्या स्वतःच्याच दुकानात. बाकीचे बसले हात चोळत. माफीसुद्धा एक्सक्लुझिव्ह!

आणि २०१८ च्या ग्रॅमीला काय झालं, आठवतंय ना? आठ नॉमिनेशनं, त्या वर्षी सगळ्यांत जास्त. हा नटूनथटून पुढच्या रांगेत. मोठी बक्षिसं ब्रुनो मार्सने नेली, रॅपची केंड्रिकने. याला एकही नाही हो! आदल्याच वर्षी 'लेमोनेड'चं मोठं बक्षीस ॲडेलने नेलं होतं. म्हणजे नवरा-बायको दोघांनी घरचं दुखणं जगाला ऐकवलं, आणि सर्वोत्कृष्ट अल्बमची ट्रॉफी तिसऱ्याच्याच हातात!

पण हरतील तर ते कसले? २०१८ च्या जूनमध्ये दोघांनी मिळून अल्बम काढला, स्टेडियमं भरभरून टूर केली. भांडण त्यांचं, दिलजमाई त्यांची, आणि तिकिटं मात्र आपण काढायची!