उलटी पाटी

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या. दोरीवरचे चिमटे गेले म्हणून कालपासून कामवालीवर डाफरताय ना? उगाच हो! मागच्या बंगल्यात कॉलेजच्या पोरांचं शूटिंग चाललंय, तिकडे गेलेत. थोडे दिव्यांवर जिलेटिन पेपर धरायला, आणि लाल-हिरवे सगळे आमच्या पुतणीने पळवले. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं सांभाळायचं काम तिच्याकडे. कार्ड केवढं, तर पोस्टाच्या तिकिटाएवढं. म्हणून दर कार्डाला एक पिशवी आणि पिशवीला चिमटा. लाल म्हणजे भरलेलं, हात लावायचा नाही.

एवढं काय त्यात? अहो, भरलेलं रिकामं समजून कुणी फॉरमॅट मारलं की दिवसभराची मेहनत गेली!

आमचे हे सांगतात, पूर्वी 35 मिमीचं 400 फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत संपायचं. पैशाच्या धाकाने आधी तालमी व्हायच्या. आता 64 जीबीच्या कार्डावर तासभर चालतं, तर दिग्दर्शकसाहेब कट म्हणायलाच तयार नाहीत! निस्तरायचं मात्र आमच्या पुतणीने.

क्लॅप आणायला विसरले, तर आमच्या नातवाची पाटी नेली. तिच्यावर खडूने सीन, शॉट, टेक लिहायचं आणि शेजारी हातानेच टाळी द्यायची. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात ना, तो त्या टाळीवर चित्राशी जुळवतात. परवा बघते तर पाटी उलटी धरलेली! म्हटलं, उन्हाने डोकं फिरलं की काय. तर म्हणे, सुरुवातीची टाळी राहिली की शेवटी द्यायची, पाटी उलटी धरून. एडिटिंगवाल्याला बरोबर कळतं.

रात्री पुतणी ताट झाकून ठेवते आणि लॅपटॉप घेऊन बसते. दर कार्डाचं वेगळं फोल्डर, कारण यांचा कॅमेरा दर वेळी पुन्हा एकपासून नंबर घालतो. एकाच फोल्डरात कोंबलं की नव्याखाली जुनं पुसलं जायची भीती. दोन हार्ड डिस्कवर कॉपी, दोन्ही उघडून बघायच्या, मगच हिरवा चिमटा. तोवर कार्ड मिळत नाही म्हणून कॅमेरावाला मुलगा तिच्याशी बोलेनासा झालाय. न बोलू दे!

दुसरी डिस्क सेटवर ठेवतच नाही ती, माझ्या कपाटात असते. काल रात्री अकराला दिग्दर्शक दारात हजर: “काकू, डिस्क द्या ना, एकच सीन बघायचाय.” म्हटलं, आधी तिचा फोन येऊ दे.