एका गुणाचे एंजिन

लेस्टर येथील आमच्या घरामागच्या गॅरेजात 1971 सालची, उघड्या टपाची, तांबडी एमजीबी मोटार येऊन उभी राहिली, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या हिशेबनिसास असले डोहाळे का लागावेत, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मी कुटुंबात कोणासही देऊ शकलो नाही. खरे कारण सांगण्याजोगे नव्हते. विक्रेत्याने गाडी चालू करताच जो घोगरा, किंचित दमेकरी, परंतु अत्यंत खानदानी आवाज कानी पडला, तो बालपणी साताऱ्यास मी रोज ऐकला होता. आमच्या वाड्यासमोरून कलेक्टरसाहेबांची पांढरी अ‍ॅम्बॅसडर जात असे, तिचा. पुढे चौकशीअंती कळले की हा भास नव्हे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात जन्मलेली एमजीबी आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर या दोघींच्या पोटात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी’ कुळातील एंजिन. हिचे 1798 सीसीचे, दोन कार्ब्युरेटर मिरवणारे, तिचे 1489 सीसीचे, एकाच कार्ब्युरेटरावर संसार रेटणारे. एकीने समुद्रकिनारी वाऱ्यावर हिंडावे आणि दुसरीने जन्मभर दौऱ्यावरच्या साहेबांच्या फायली वाहाव्यात, एवढाच काय तो या बहिणींतला फरक.

माझा मेहुणा कॉव्हेंट्रीस मोटारधंद्यात इंजिनियर आहे. गॅरेजातील फरशीवर वयोमानाने गळलेल्या तेलाचे थारोळे पाहून तो म्हणाला, “भावोजी, एवढं बिडाचं धूड, आणि तरुणपणी तरी ताकद किती? पंचाण्णव घोडे! आता 999 सीसीचं, तीन सिलिंडरांचं टर्बो एंजिन सव्वाशे देतं. त्याचा ठोकळा साध्या टंकलेखनाच्या कागदावर मावतो. मी बसवून देतो.” टर्बो म्हणजे काय, हेही त्याने समजावले. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरवायचे, त्याच आसावरचे दुसरे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेत ताजी हवा एंजिनात कोंबते, आणि हवा जास्त म्हणून इंधन जास्त, इंधन जास्त म्हणून जोर जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नामक स्विस इंजिनियराने 1905 साली याचे पेटंट घेतले. परंतु शिळ्या पोळीचा कुस्करा करून सबंध पंगत उठवणाऱ्या आमच्या मातोश्रींस हे तत्त्व नवे वाटले नसते.

चेनब्लॉकला टांगलेले जुने एंजिन बाहेर आले ते अर्ध्या दिवसात. नवे आत जाऊन कामास लागण्यास सात महिने लागले. ते मुळात आडवे बसण्यासाठी जन्मलेले, आणि एमजीबीत एंजिन उभे बसते. सबब गिअरबॉक्सही बदलावा लागला. खरा प्रसंग ओढवला तो त्यानंतर. किल्ली फिरवली की जुने एंजिन फार तर खोकत असे. नवे एंजिन कागदपत्रे मागू लागले. माझी जन्मजात किल्ली हजर करा, वेगमापकाचा दाखला आणा, ब्रेकच्या खात्याचे ना-हरकत कुठे आहे, अशा हरकती त्याच्या संगणकी मेंदूने एकामागून एक काढल्या. आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या व मूठभर तारा एवढीच दौलत बाळगणारी ती वृद्ध गाडी, कचेरीच्या पायरीवर बसलेल्या निरक्षर विधवेसारखी, काहीच सादर करू शकेना. अखेर मेहुण्याने तो मेंदूच बडतर्फ करून दुसरा, कमी चौकस मेंदू नेमला.

सरकारदरबारचे काम त्या मानाने सुलभ झाले. भारी फेरफार केलेल्या गाडीने आपला मूळ नंबर राखावा की नाही, हे ठरवण्यास त्या वेळी स्वान्सीच्या वाहनदप्तराची एक गुणपत्रिका असे: सांगाड्यास 5 गुण, सस्पेन्शन, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स यांस प्रत्येकी 2, आणि एंजिनास, ज्याच्यासाठी मी ही मोटार घेतली त्या एंजिनास, अवघा 1. उत्तीर्ण होण्यास 8 हवेत. चौदातून तीन वजा जाऊन आम्हास अकरा उरले. मेहुण्याने पेढे मागितले. मी हिशेबनीस असूनही ती बेरीज तीनदा करून पाहिली.

गाडी आता निःसंशय चपळ आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता ती अर्ज हाती घेतलेल्या अव्वल कारकुनाप्रमाणे निमिषमात्र विचार करते, आणि मग चित्त्यासारखी झेपावते. फरशी कोरडी असते. पेट्रोलचा खर्च उतरल्याचे मी स्वतः वहीत मांडून पाहिले आहे. तक्रारीस जागा म्हणून नाही. केवळ साहेबांची गाडी वाड्यावरून जाईनाशी झाली.

जुने एंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात, लाकडी फळ्यांवर, सौभाग्यवतींच्या जुन्या चादरीखाली ठेवले आहे. दर रविवारी चहानंतर मी त्याच्या प्लगांच्या भोकांतून चमचाभर तेल सोडतो आणि पान्याने त्याला एक फेरा देतो, म्हणजे ते जाम होत नाही; फिरताना आतून एक अस्पष्ट सुस्कारा येतो, तो ऐकण्यासाठी थोडे खाली वाकावे लागते. मेहुण्याने परस्पर कोणास सांगितले नकळे, परंतु अलीकडे त्याच्या किमतीची विचारणा करणारे दोन-तीन गृहस्थ दारी येऊन गेले. तरी कळविण्यात येते की सदर एंजिन विकाऊ नाही. कोणीही चौकशीची तसदी घेऊ नये.