अंघोळ गडाखाली करा

दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला जायचे बेत घरोघरी शिजतात. जैसलमेरचं नाव निघालं की कुणीतरी डोळे चमकवत सांगतं, "तिथं किल्ल्यातच खोली मिळते!"

मिळते. घेऊ नका.

आपल्याला गड माहीत आहे तो ओस पडलेला. वाड्यांची जोती, पाण्याचं टाकं, एखादं देऊळ, आणि अंधार पडायच्या आत खाली. जैसलमेरचा गड मात्र नांदता आहे. ११५६ साली रावळ जैसलनं त्रिकूट टेकडीवर तो वसवला. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल अशी चार दारं ओलांडून दसरा चौकात या. तिथून फुटणाऱ्या गल्ल्यांत आजही संसार आहेत. घरात लग्न निघालं की दाराशेजारच्या भिंतीवर गणपती रंगवतात, खाली नवरानवरीची नावं आणि तिथी. ही पत्रिका पुढं कित्येक वर्षं भिंतीवर राहते. मी तर अशा भिंती वाचतच अर्धा दिवस काढला.

या गडाचं बांधकाम कोरड्या हवेच्या भरवशावर उभं आहे. पाणी यायचं ते खालच्या गडीसर तलावातून, बायकांच्या डोक्यावरून. एवढा चढ चढून आलेली घागर कुणी उगाच सांडत नसे. मग नळ आला. तो यायलाच हवा होता. गडावरच्या बाईनं जन्मभर पाणी वाहावं असं कोण म्हणेल? पण नळापाठोपाठ पाहुण्यांच्या खोल्या आल्या आणि प्रत्येक खोलीला संडास-न्हाणीघर आलं. टेकडीत वाळूच्या दगडाबरोबर मातीचे आणि शेलचे थर आहेत. गळक्या नळांचं, मोऱ्यांचं पाणी त्यांत मुरतं, माती फुगते, निसटते आणि वरच्या बुरुजाचा पायाच सुटतो. असे ९९ बुरूज या तटाला आहेत. धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत हा गड १९९६ सालीच गेला. २०१३ मध्ये युनेस्कोचा मान मिळाला, पण मातीला त्याचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये पावसात तटाचा एक भाग कोसळलाच.

मीही त्या गडावर राहिलो आहे. बुरुजातली खोली, खिडकीतून वाळवंट, गरम पाणी पाहिजे तेवढं. दिवसभराच्या धुळीनं भरून आलो आणि मनसोक्त अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी तटाच्या बाहेरून फेरी मारताना त्याच बाजूच्या दगडांवर वरून खालपर्यंत उतरलेला काळपट ओला पट्टा दिसला. सगळीकडे कोरडं ठणठणीत, आणि तेवढाच ओला. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

गडावरच्या लोकांचं पोट पाहुण्यांवर आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर गडावर जाऊच नका असं मी म्हणत नाही. रोज जा. तिथलाच वाटाड्या घ्या, त्याला पैसे देताना घासाघीस करू नका. जैन मंदिरांतली कोरीव कामं सकाळी, गर्दीच्या आधी बघा. जेवा, चहा प्या, तिथल्या बाईनं भरतकाम केलेली पिशवी घ्या. रहिवाशांनी घरं सोडावीत, हा उपाय तर मला मुळीच मान्य नाही. माणसं गेली तर मागं उरतील फक्त दुकानं. मोऱ्या आणि गटारं नीट ठेवणं सरकारचं काम आहे आणि ते मागत राहिलंच पाहिजे. पण आपली अंघोळ, आपलं धुणं-पाणी खाली नेणं तर आपल्या हातात आहे. त्यासाठी कुठल्याच खात्याची मंजुरी लागत नाही.

आणि ज्या सोनेरी रंगासाठी आपण एवढ्या लांब जातो, सत्यजित राय यांनी १९७४ च्या 'सोनार केल्ला'त जो दाखवला, तो गडावरच्या खोलीतून दिसतच नाही. मावळतीचं ऊन तटावर पडतं ते बघायला खालीच असावं लागतं. तेव्हा खोली ठरवताना गडाच्या पश्चिमेला, गच्ची असलेली मागा आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत परत या.