लिंबाखालची सायकल

आमच्या आणि आक्कांच्या घरामधलं कुंपण नुसतं नावाला आहे. चार तारा, त्यांच्यावर आमच्या गोधड्या आणि त्यांचा दोडक्याचा वेल. वाट्या इकडून तिकडे देऊन देऊन एका जागी तारेला चांगला खळगा पडलाय. काल सकाळी त्या खळग्यातून आधी सीताफळांचं टोपलं आलं आणि मागोमाग आक्कांचं तोंड.

"वहिनी, ती लिंबाखालची सायकल कुणाची हो?"

रस्त्याकडेच्या लिंबाला आदल्या दिवसापासून एक लेडीज सायकल टेकवून ठेवलेली. पुढच्या चाकात हवा नाही, चेन उतरून खाली लोंबतेय.

"कुण्या पोरीची दिसायलीय," मी म्हणाले. "मानव विकासमधली असंल."

आमच्याकडे एवढं म्हटलं की कळतं. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकारी पैसे मिळतात, त्यातली. 17 सप्टेंबर 2025ला बीडला रेल्वे आली. बापजाद्यांनी जी नुसती ऐकली होती ती आम्ही डोळ्यांनी बघितली. पण वस्तीवरच्या पोरीला रेल्वेचं काय? तिचा शाळेचा रस्ता सायकलवरच कटायचा.

"भाऊजी कामून घिरट्या घालायलेत तिच्याभोवती?" आक्कांनी नेमकं बघितलं होतं.

आमच्या ह्यांची सारी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण हात अजून ड्युटीवरच आहेत. बिघडलेलं काही दिसलं की बोटं शिवशिवतात. सकाळपासून तीनदा लिंबाखाली जाऊन आले होते.

"करू द्या की दुरुस्त," मी म्हणाले. "पोरीचा आशीर्वाद लागंल."

"इचारल्याबिगर? आजिबात नाही!" आक्कांनी सीताफळाचा डोळा अंगठ्यानं दाबून बघितला, पिकलेलं बाजूला काढलं आणि तारेवर कोपर टेकलं. म्हणजे आता गोष्ट येणार. "आमचे मामंजी बाजाराला सायकलवर जायचे. कुलूप कुठलं आलं तव्हा? चाकातला व्हॉल काढायचा आन् कोपरीच्या खिशात टाकायचा. हवाच नाही, तर चोर काय डोक्यावर घेऊन पळंल? एका बाजाराला कुण्या भल्या माणसाला दया आली. त्यानं पदरचा व्हॉल टाकला, हवा भरली, चाक टणटणीत केलं. मामंजी भाजी घेऊन येतेत, तर सायकल गायब!"

"अरे देवा."

"व्हॉल खिशात, सायकल कुठंय कुणाला ठाऊक. त्या भल्या माणसानं केलं काय, तर मामंजीचं कुलूप उघडून दिलं!"

मला हसू आवरेना. पण मीही हार मानणारी नाही. म्हटलं, "आक्का, दर पंक्चरीत असलं गुपित नसतंय. अन् चेन का कुणी मुद्दाम पाडून ठेवतं?"

भाचा वकिली शिकायलाय, त्याला तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यानं सांगितलं की भारतीय करार कायदा, 1872, याचं कलम 70 आहे. एखाद्यानं कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं, ते फुकटात करायचा त्याचा विचार नव्हता, आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पण त्याच कलमात दाखला आहे. एकाचा माल आगीतून दुसऱ्यानं वाचवला, आणि ते फुकटच करायचं होतं असं एकूण परिस्थितीवरून दिसलं, तर त्याला पैसे मागता येत नाहीत. मग पोरगं आणखी मागं गेलं. जुन्या रोमन कायद्यातही म्हणे याला जागा होती. माणूस गैरहजर असताना कुणी आपणहून त्याचं काम सांभाळलं, तर झालेला खर्च मिळायचा. मात्र ते काम त्याच्या हिताचं असायला पाहिजे आणि जबाबदारीनं केलेलं पाहिजे.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोममधी लोक ऊसतोडीला जात होते काय?"

फोन गप्प.

"नाही ना? मग ह्यातलं त्येंच्यापेक्षा आपल्याला जास्ती कळतंय."

खरंच होतं ते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडच्या वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेला असा कोयता कारखान्याला जातो, तो उन्हाळा लागल्यावरच परततो. निघताना प्रत्येक बाई शेजारणीला एकच सांगते, "घराकडं ध्यान असू द्या."

"मागल्या साली पलीकडच्या घराचं पत्र्याचं पान वाऱ्यानं उडालं," आक्का म्हणाल्या. "मी माणूस लावून बसवून घेतलं. तिला फोन केला नाही. कामून करू? ध्यान असू द्या म्हणली होती, त्यात पत्रा आला. पण तिच्या कुडाला खाली भोक होतं, ते मी नाही बुजवलं."

"का?"

"तिची मांजर जाती त्यातून."

वर्कशॉप, कलम 70, रोम, सगळं त्या मांजरीमागोमाग भोकातून निघून गेलं.

"मग आता पोरीचं काय?"

"तिनं ध्यान असू द्या म्हणलंय का आपल्याला? नाही. मग पंप लिंबाला टेकवून ठेवायचा. ती येईल तव्हा बघंल."

पंप टेकवला. दुपारभर ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

पाचच्या सुमाराला पोरगी आली. नववीतली असेल, बरोबर दुसरी-तिसरीतला भाऊ. आम्ही दोघी कुंपणाला, हे दारात. आमच्या धाकानं ह्यांनी अगदी रीतसर विचारलं, "बाळा, हवा भरून देऊ का?"

"मला येती, काका. पंप घेऊ का?"

घे म्हणायच्या आत तिचा पाय पंपावर होता. हवा भरली, बोटाला थुंकी लावून व्हॉलवर ठेवली, बुडबुडा येतो का बघितलं. मग वाळकी काडी घेऊन चेन दातांवर चढवली आणि पॅडल उलटं फिरवलं. खट्. पंक्चर नव्हतंच, हवा उतरलेली. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे.

पोरगी सायकलवर बसली आणि डुगडुगली. पाय भुईला टेकेनात.

"काका, सीट कुणी वर केली?"

ह्यांनी आधी लिंबाकडे बघितलं, मग आभाळाकडे. "चारच बोटं केलीय. खाली सीट असली की गुडघे दुखतात, पॅडलला जोर लागतो. बरोबरच आहे ते."

"मागं हा बसतोय ना," तिनं भावाकडे बोट केलं. "आईपप्पा कारखान्याला गेलेत, मग शाळेत मीच नेते. हा एका जागी बसत नाही. पाय टेकले नाही तर दोघंबी पडतो."

हे मुकाट्यानं आत गेले आणि पाना घेऊन आले. सीट चार बोटं खाली गेली. पोरगी म्हणाली, अजून थोडी. अजून थोडी गेली.

भावाला मागं बसवून ती वळणापर्यंत गेल्यावर कुंपणावरून आवाज आला, "वहिनी, भाच्याला फोन लावा परत. इचारा, सीटचं कलम कितवं ते!"